तुमच्या दहाला

बाबा एकतीस वर्षं समुद्री पोलिसात होते आणि एवढ्या काळात त्यांनी तीनच गोष्टी पकडल्या होत्या: सर्दी, पाण्यावरून वाहत आलेली एक प्लास्टिकची खुर्ची, आणि साहेबांची टोपी. टोपी हवेत असतानाच पकडली होती, त्यामुळे तिची नोंद सेवापुस्तकात 'तत्परता' या रकान्यात झाली. खुर्ची ठाण्यातच राहिली. तिच्यावर बसून बिनतारी वायरलेस चालवायची.

बिनतारी म्हणजे बाबांची मुलगी. तिला खरं नाव होतं. पण सहा वर्षांपूर्वी ती त्याच ठाण्यात वायरलेसवर रुजू झाली आणि नौकेच्या इंजिनवाल्याने पहिल्याच दिवशी तिला बिनतारी म्हणून हाक मारली. महिन्याभराने घरी आईसुद्धा "बिनतारी, आंघोळीला जा" म्हणायला लागली, तेव्हा तिने दाद मागायचं सोडून दिलं. ठाण्यात ती बाबांना बाबा म्हणत नसे. सगळ्यांसारखं 'सुकाणूकाका' म्हणायची, कारण बाबा नौकेचं सुकाणू धरायचे आणि कामाच्या जागी नाती आणायची नाहीत हा त्यांचाच दंडक होता.

नौकेचं नाव 'गस्ती नौका क्रमांक चार'. एक, दोन आणि तीन कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबांनी एकदा मुख्यालयाला पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर आलं, 'आपण पाच क्रमांक आहात असा आमचा समज होता. तरी कळवावे.'

शुक्रवारी बाबा निवृत्त होणार होते. आज बुधवार होता.

ठाण्यापासून नौकेने तासाभराच्या अंतरावर दोन देशांची हद्द होती. हद्द म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी भव्य उभं राहतं. इथे एक नारंगी पिंप होतं. तळाशी साखळीने बांधलेलं, लाटेवर डुलणारं. पिंपाच्या अलीकडचं पाणी आपलं, पलीकडचं त्यांचं. पाण्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पिंपापाशी रुमाल्या असायचा.

रुमाल्या समुद्रकाकड्या चोरायचा. समुद्रकाकडी ही भाजी नाही, प्राणी आहे. हा प्राणी तळाशी पडून राहतो, वाळू खातो, वाळू बाहेर टाकतो, आणि याव्यतिरिक्त त्याला आयुष्याकडून काही नको असतं. पण लांबलांबच्या देशांत लोक तो सुकवून चवीने खातात, म्हणून इथल्या पाण्यातून तो संपत चालला होता आणि दोन्ही देशांनी त्याला हात लावायला बंदी केली होती. रुमाल्या आपल्या मेहुण्याच्या कमरेला वजन बांधायचा, तोंडात हवेची नळी द्यायचा, त्याला तळाशी सोडायचा आणि आपण वर होडीत थर्मासमधला चहा पीत बसायचा. आपली नौका दिसली की तो नांगराचा दोर चाळीस फूट सैल सोडायचा. होडी अलगद पिंपाच्या पलीकडे सरकायची. मग तो खिशातून पिवळा रुमाल काढून बाबांना हात करायचा. पिंप ओलांडायची बाबांना कायद्याने मनाई होती. पलीकडच्यांची नौका आली की तो दोर ओढून अलीकडे यायचा आणि त्यांना रुमाल दाखवायचा. दोन देशांच्या नाकावर टिच्चून हा माणूस चाळीस फूट दोरावर संसार करत होता. अकरा वर्षं हेच चाललं होतं. या अकरा वर्षांत मेहुण्याला टक्कल पडलं, एवढाच काय तो बदल.

बाबांनी मात्र उलट कधी हात केला नाही. वर्दीत असताना गुन्हेगाराला हात करायचा नाही, हाही त्यांचाच दंडक. त्यांचे दंडक बरेच होते. कैदी नव्हते म्हणून ते दंडक पाळत बसायचे.

चार वर्षांपूर्वी दोन्ही देश वैतागले आणि त्यांनी करार केला. दर शुक्रवारी दहा वाजता दोन्ही नौकांनी दोन बाजूंनी एकदम पिंपापाशी यायचं. रुमाल्या मधल्या मधे सापडेल. त्याच्याकडेही वायरलेस असल्यामुळे समुद्रावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. योजना इतकी सोपी होती की ती फसायला जागाच नव्हती.

चार वर्षांत पलीकडची नौका एकदाही आली नव्हती.

*

बुधवारी संध्याकाळी बाबा जेवायच्या टेबलाशी निरोपाचं भाषण लिहीत होते. कागदावर तासाभरात एक ओळ झाली होती: 'माझ्या कारकिर्दीत मी'.

"पुढे?" आईने विचारलं. आई शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे अर्धवट सोडलेलं काही दिसलं की तिचा हात शिवशिवायचा.

"तेच बघतोय."

"सर्दी लिहा."

"अगं, चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. तीन आठवडे होती. काढा करून करून माझे हात दुखले." आईने त्यांच्यापुढे ताट सरकवलं. "आणि अहो, त्या माणसाला एकदा तरी हात करायचा. अकरा वर्षं बिचारा रुमाल हलवतोय. काय म्हणत असेल तो आपल्या घराण्याबद्दल?"

"वर्दीत हात करू?"

"मग वर्दी काढून करा."

"नौकेवर? मुलीच्या देखत?"

"मी नौकेवर नसतेच," बिनतारी म्हणाली. "मला सहा वर्षांत कुणी समुद्र दाखवलेला नाही."

जेवण झाल्यावर आई वह्या तपासायला बसली. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. मग ते भांडी विसळणाऱ्या बिनतारीशेजारी येऊन उभे राहिले आणि धुतलेलाच पेला पुसू लागले.

"चोर पकडणार म्हणून भरती झालो होतो गं," ते म्हणाले. "लोक विचारायचे, समुद्रात चोर असतात का? मी म्हणायचो, असतात, बघा तर खरं. एकतीस वर्षं बघतायत." त्यांनी पेला उजेडात धरला. "मला काही फार नको होते. एक. एकच."

मग ते झोपायला गेले. बिनतारीने तो पेला तिसऱ्यांदा धुतला. एक चोर, आणि हाताशी एकच शुक्रवार.

*

रोज सकाळी साडेआठला बिनतारी पलीकडच्या ठाण्याशी वायरलेस तपासायची. ठाण्याठाण्यातला हा सेट वेगळा, त्यावरचं बोलणं रुमाल्याला ऐकू जात नसे. पलीकडे वयस्कर आवाजाची एक बाई असायची. तिची भाषा आणि आपली भाषा सख्ख्या बहिणी, त्यामुळे समजायला अडचण नव्हती. अडचण नियमाची होती. नियमाने दोनच वाक्यं बोलायची परवानगी होती, आणि सहा वर्षं दोघी तीच बोलत होत्या. बाईच्या पाठीमागे एक जुनं ठोक्याचं घड्याळ होतं. बिनतारीने साडेआठला सेट लावला की तिथे नऊचे ठोके पडायचे, कारण त्यांची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या ठाण्याच्या भिंतीवर त्यासाठी दोन घड्याळं लावली होती. एकाखाली 'आपले' लिहिलं होतं, दुसऱ्याखाली 'त्यांचे'.

गुरुवारी बिनतारीने पाच मिनिटं आधीच सेट लावला.

"ऐकू येतंय का?"

"स्पष्ट येतंय. तुम्हाला?"

"स्पष्ट."

इथे बटण सोडायचं असतं. बिनतारीने नाही सोडलं.

"ऐका ना," ती म्हणाली. "उद्या आमच्या सुकाणूकाकांची शेवटची फेरी आहे. एकतीस वर्षांची नोकरी. निदान उद्या तरी या."

सेटमध्ये नुसती खरखर झाली.

"काय म्हणालात?"

"उद्या तरी या, म्हटलं. चार वर्षं वाट बघतोय आम्ही. राग नाही हो, पण एकदा तरी."

"आम्ही यायचं?" बाईचा आवाज टिपेला गेला. "अगं बाई, आम्ही दर शुक्रवारी येतो! ऊन म्हणत नाही, वारा म्हणत नाही. तुमचीच नौका कधी दिसली असेल तर शपथ!"

"आमची नौका दर शुक्रवारी जाते!"

"किती वाजता?"

"दहाला!"

"आम्हीही दहालाच!"

"मग दिसत का नाही तुम्ही?"

"हेच मी तुला विचारतेय!"

दोघींनाही दम लागला. दारात इंजिनवाला हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला होता. सहा वर्षांत वायरलेसमधून भांडण येताना त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"थांबा," बिनतारी हळूच म्हणाली. "कुणाच्या दहाला?"

"म्हणजे?"

"तुमच्या घड्याळात दहा वाजतात तेव्हा येता, की आमच्या?"

"तुमच्या! हे काय विचारणं झालं? करारात नुसतं दहा लिहिलंय. आमचे साहेब म्हणाले, शेजारी आहेत, त्यांचे दहा धरू, बरं दिसतं. आमच्याकडे साडेदहा होतात तेव्हा आमची नौका पिंपापाशी पोचते. काही बोलायला जागा ठेवली नाही आम्ही."

बिनतारीने डोळे मिटले.

"आमचे साहेबही तेच म्हणाले होते," ती म्हणाली. "तुमचे दहा धरू, बरं दिसतं. आम्ही आमच्या साडेनऊलाच पोचतो."

बिनतारीने भिंतीवरच्या घड्याळांकडे बघितलं. आपली नौका आपल्या साडेनऊला जात होती, वीस मिनिटं थांबत होती आणि दहाला दहा कमी असताना परत फिरत होती. त्यांची नौका बरोबर दहाला येत होती. मधे दहा मिनिटांची फट. दोन देशांनी आपापल्या सभ्यतेने मोठ्या कष्टाने तयार केलेली दहा मिनिटं. एवढ्यात रुमाल्या चाळीस फूट दोर ओढायचा आणि वर चहाही पुन्हा ओतून घ्यायचा.

"मग इतक्या वर्षांत विचारलं का नाहीत कधी?" बिनतारी म्हणाली.

"कसं विचारणार? 'का आला नाहीत' असं शेजाऱ्याला विचारणं बरं दिसतं का? वहीत लिहीत होतो आम्ही. 'शेजारील नौका काही अपरिहार्य कारणाने येऊ शकली नाही.'"

"आम्हीही तेच लिहितो."

"अपरिहार्य सकट?"

"अपरिहार्य सकट."

पलीकडे घड्याळ नऊचे ठोके देऊ लागलं. चौथ्या ठोक्याला बाईला हसू फुटलं, सहाव्याला बिनतारीला, आणि नवव्यापर्यंत दोघी सेटला धरून खदखदत होत्या. नियमाच्या बाहेरचं त्यांचं हे पहिलंच बोलणं, आणि त्यातही शब्द नव्हते.

*

साहेबांना ही हकीकत दोनदा सांगावी लागली. दुसऱ्या खेपेला ते मटकन खाली बसले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बिनतारी असल्याने ते टेबलावर बसले.

"सोपं आहे," ते सावरून म्हणाले. "मी त्यांच्या साहेबांशी बोलून एक वेळ ठरवून टाकतो."

पुढची पंधरा मिनिटं ठाण्यात हे ऐकू येत होतं:

"छे छे, तुमचेच दहा."

"असं कसं? तुमचे."

"नाही हो, मनाला पटत नाही."

"आमचाही आग्रह आहे."

शेवटी दोन्ही साहेबांनी मुख्यालयांना पत्र लिहून विचारायचं ठरवलं. उत्तराला साधारण आठ महिने लागणार होते. बाबांकडे एक दिवस होता.

बाबा खिडकीशी उभे होते. "राहू दे," ते म्हणाले. "कारण तरी कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना आपण आवडत नाही."

बिनतारीने कराराबरोबर आलेला मूळ हुकूम मागून घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. तो कुणी वाचेल अशी हुकमाची स्वतःचीही अपेक्षा नसावी, कारण पानं एकमेकांना चिकटली होती.

"साहेब, वेळ बदलायची नाहीच," ती म्हणाली. "आपण आपले साडेनऊलाच जायचं. फक्त परत यायचं नाही. यात पोचायची वेळ लिहिलीय, निघायची कुठे लिहिलीय?"

साहेबांनी हुकूम वाचला. उलटा करूनही बघितला.

"मग ती वीस मिनिटं कुठून आली?"

"तुम्हीच म्हणाला होतात, साहेब," इंजिनवाला दारातून म्हणाला. "कुणाच्या दारात वीस मिनिटांपेक्षा जास्त ताटकळणं बरं दिसत नाही."

"म्हणालो असेन." साहेबांनी घसा साफ केला. "पण डिझेलचं काय?"

"इंजिन बंद करून बसलं की डिझेल कशाला लागतंय?" बाबा म्हणाले. ते आता खिडकीशी नव्हते. ते नकळत टेबलापर्यंत आले होते.

साहेब पुन्हा हुकमात डोकं घालून बसले आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "आणि हे काय? 'नौकेवर वायरलेस चालविणारी व्यक्ती उपस्थित असावी.' बिनतारी, तू चार वर्षं गैरहजर आहेस."

*

शुक्रवारी बिनतारी पहिल्यांदा समुद्रावर गेली आणि पहिल्या अर्ध्या तासातच तिने समुद्राला सकाळचा नाश्ता परत केला. मग पुन्हा एकदा केला. तो दुसरा कुणाचा होता हे तिला कळेना.

"क्षितिजाकडे बघ," बाबा सुकाणू न सोडता म्हणाले.

"ते हलतंय."

"मग माझ्याकडे बघ."

बाबांकडे बघितल्यावर तिला जरा बरं वाटलं. घरी पेले पुसणारा माणूस इथे वेगळाच दिसत होता. पाय फाकवून, खांदे सैल टाकून उभा, आणि नौका त्याच्या बोटांखाली शहाण्या मुलीसारखी चाललेली.

साडेनऊला पिंप दिसलं. त्याच्या पलीकडे होडी, होडीत रुमाल्या, रुमाल्याच्या हातात कप. त्याने पिवळा रुमाल हलवला. बाबांनी हात मागे बांधले. इंजिनवाल्याने इंजिन बंद केलं आणि समुद्र एकदम मोठा झाला.

पावणेदहा झाले. दहाला दहा कमी झाले. रुमाल्याने मनगटावरच्या घड्याळात बघितलं, मग नौकेकडे बघितलं. ती जागची हलली नव्हती.

"निघायचं नाही का, काका?" त्याने ओरडून विचारलं.

"आज जरा बसतो," बाबा ओरडले.

रुमाल्याने कप खाली ठेवला. "इंजिनाचं काही आहे का? माझ्याकडे पाना आहे!"

"नको! ठीक आहे!"

"नाही, संकोच करू नका!"

दहाला चार मिनिटं कमी असताना त्याच्या पाठीमागे एक पांढरा ठिपका उगवला. ठिपक्याची नौका व्हायला चार मिनिटं लागली आणि त्या चार मिनिटांत रुमाल्याच्या चेहऱ्यावरचे सगळे रंग एकेक करून उतरले. सवयीने त्याने दोर ओढला. होडी अलीकडे निघाली. अलीकडे बाबा होते. त्याने दोर सोडला. होडी पलीकडे निघाली. पलीकडे ते होते. ओढला. सोडला. शेवटी हात थांबले तेव्हा पिंप होडीच्या बरोबर पोटाशी येऊन डुगडुगत होतं. अर्धी होडी आपल्यात, अर्धी त्यांच्यात.

त्याला पळता येत नव्हतं. मेहुणा तळाशी होता. पाण्यातून माणूस हळूहळू वर घ्यावा लागतो, घाईने ओढला तर आजारी पडतो. आणि सोडून पळावं, तर घरी बायको होती आणि तिला एकच भाऊ होता.

दोन्ही नौका समोरासमोर आल्या. पलीकडच्या सुकाणूवर गलेलठ्ठ, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्याने सलाम ठोकला. बाबांनीही ठोकला.

"तुम्हीच का ते?" मिशीवाले गदगदून म्हणाले. "चार वर्षं तुमच्या नावाने वही भरतोय."

"आम्हीही! तब्येत कशी आहे?"

"गुडघे जरा कुरकुरतात. तुमचे?"

"थंडीत. बाकी ठीक."

"बरं, मग पकडा याला."

"छे! आधी तुम्ही," बाबा म्हणाले.

"अहो, होडीचं तोंड तुमच्या पाण्यात आहे. मान तुमचा."

"पण इंजिन मागे, तुमच्यात. चोरी काय तोंडाने होते? इंजिनाने होते. तुम्हीच पकडा."

"तुम्ही वयाने मोठे."

"दिसतो हो, आहे लहानच."

बिनतारी रेलिंगला धरून हे ऐकत होती. करार चार वर्षं कसा फसला असेल ते तिला आता डोळ्यांनी दिसत होतं. खाली पाण्यात बुडबुडे येऊ लागले, म्हणजे मेहुणा वर निघाला होता.

"कुणीतरी पकडा हो!" रुमाल्या काकुळतीला आला. "मला नुसतं असं मधे उभं राहवत नाही!"

"बाबा!" बिनतारी ओरडली.

सगळ्यांनी वळून बघितलं. सहा वर्षांत कामाच्या जागी ती पहिल्यांदा बाबा म्हणाली होती.

"बाबा, तुम्हीच पकडा! एकच हवा होता ना? हा बघा, हाच तो एक!"

मिशीवाल्यांनी तिच्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "मुलगी होय तुमची? आणि आज शेवटचा दिवस ना? आमच्या वायरलेसबाईंनी सांगून पाठवलंय, काकांना मोकळ्या हाताने पाठवलंत तर ठाण्यात पाऊल ठेवू नका." त्यांनी क्षणभर विचार केला. "असं करू. रुमाल्या तुमचा. मेहुणा आम्हाला द्या."

"मेहुणा चालेल तुम्हाला?"

"हो तर. आम्हाला चालतो."

बाबांनी दोर उचलला, गोफणीसारखा फिरवला आणि फेकला. तो पाण्यात पडला. दुसऱ्यांदा फेकला, तो पिंपावर पडला. एकतीस वर्षांत त्यांना हे करायची वेळच आली नव्हती. तिसऱ्यांदा रुमाल्याने पुढे वाकून दोर झेलला, आपल्या होडीला आवळून बांधला आणि ओढून बघितला.

"अशी मारायची गाठ, काका. तुमची सुटली असती."

बाबा ताठ उभे राहिले. या क्षणी म्हणायचं वाक्य त्यांनी भरतीच्या वेळी पाठ केलं होतं. त्यात तीन कलमं होती आणि एक 'सबब' होता. त्यांनी तोंड उघडलं.

"सापडलास," ते म्हणाले.

"हो, काका," रुमाल्या म्हणाला.

तेवढ्यात मेहुणा पाण्यातून वर आला. त्याच्या टकलावर एक समुद्रकाकडी होती आणि हातात गच्च भरलेली जाळी. त्याने आधी एक देश बघितला, मग दुसरा, आणि शांतपणे परत खाली जायला निघाला. त्याला नळीला धरून वर घ्यावं लागलं.

समुद्रकाकडी घाबरली की आपली आतडी बाहेर टाकते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. विशेषतः मिशीवाल्यांच्या बुटांना कळलं. फोटो काढून, दोन्ही वह्यांत नोंद करून काकड्या पाण्यात सोडण्यात आल्या, निम्म्या अलीकडे, निम्म्या पलीकडे. नोंदीत 'मुद्देमालाची अवस्था' असा रकाना होता. बिनतारीने लिहिलं: 'दुखावलेली.'

*

बाबांची नोकरी पाचला संपायची होती आणि निरोप समारंभही पाचलाच होता, पण रुमाल्याला न्यायला शहरातून गाडी लवकर आली. ठाण्यातली माणसं कमी, गाडीपाशी कुणी आणि समारंभाला कुणी असा घोळ झाला असता. म्हणून साहेबांनी समारंभ साडेचारलाच सुरू केला. आई शाळेतून थेट आली होती, हाताला खडू तसाच. बिनतारीने ठाण्याठाण्यातला सेट चालू करून टेबलावर ठेवला, म्हणजे पलीकडच्या बाईलाही ऐकता येईल. साहेब बाबांच्या तत्परतेबद्दल बोलले. टोपीचा उल्लेख दोनदा आला.

मग बाबा उभे राहिले. खिशातला कागद काढला, उलगडला.

"माझ्या कारकिर्दीत मी," त्यांनी वाचलं, आणि कागद घडी करून ठेवला. "पकडला."

ते खाली बसले. इंजिनवाल्याने टेबल बडवायला सुरुवात केली. सेटमधूनही टाळ्या आल्या, जरा खरखरत. "आलं उत्तर," आई म्हणाली आणि तिने खडूच्या हातांनी डोळे पुसले. त्यामुळे ती बराच वेळ भुतासारखी दिसत होती, पण तिला कुणी सांगितलं नाही.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. सगळे दारात गेले. रुमाल्या गाडीच्या मागच्या जाळीशी बसला होता. पिवळा रुमाल पुरावा म्हणून पाकिटात मोहोरबंद झाला होता, म्हणून त्याने नुसताच हात वर केला आणि हलवला.

बाबांचा हात कोपरापर्यंत वर आला. मग त्यांनी भिंतीवरच्या 'आपले' घड्याळाकडे बघितलं. पाचला वीस कमी होते. हात खाली गेला.

"अहो, करा की!" आई म्हणाली.

"वीस मिनिटं आहेत अजून. वर्दीत आहे मी."

"गाडी काय वीस मिनिटं थांबणार आहे?"

चालकाने पुन्हा भोंगा वाजवला. रुमाल्या हात हलवतच होता, पण आता जरा हळू.

"काय चाललंय तिकडे?" सेटमधून बाईने विचारलं. बिनतारीने धावत जाऊन भराभर सगळं सांगितलं.

"त्यांना सांग," बाई म्हणाली, "आमच्याकडे पाच वाजून दहा मिनिटं झाली. माझ्या घड्याळाने पाचही ठोके दिले. आमच्या हिशेबाने काका केव्हाच निवृत्त झाले."

बाबांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी दोन्ही घड्याळांकडे बघितलं, घसा साफ केला.

"शेजारी आहेत," ते म्हणाले. "त्यांची वेळ धरली तर बरं दिसतं."

बाबांनी टोपी काढून बिनतारीच्या हातात दिली आणि ते पायऱ्या उतरून अंगणात गेले. गाडी निघाली होती. त्यांनी आधी एक हात वर केला, मग दुसराही, आणि दोन्ही हात असे हलवू लागले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस विमान उतरवतोय. जाळीमागे रुमाल्या ताडकन उभा राहिला. त्याचं डोकं छताला आपटलं, तरी तो हलवत राहिला. गाडी फाटकातून वळली, रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली.

बाबांचे हात अजून वरच होते.

"अहो, पुरे आता," आई म्हणाली. "गेला तो."

"अकरा वर्षांचे राहिलेत," बाबा म्हणाले, आणि हलवत राहिले.